विंचेस्टरची इचेन: पुलावर थांबून बघायची नदी

लंडनला आलेले पाहुणे स्टोनहेंज करतात, बाथ करतात. इचेन नदी बघायची म्हटलं की ‘त्यात काय बघायचं?’ विचारतात. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून विंचेस्टर ट्रेनने साधारण तासाभरावर. मे-जूनमध्ये जा आणि पोलराइज्ड गॉगल विसरू नका, नाहीतर पाण्यावरची चकाकीच बघून परत याल.

इचेन ही चॉक स्ट्रीम. पावसाळी हिवाळ्यात पाणी खडूच्या डोंगरात मुरतं आणि वर्षभर झऱ्यांतून सावकाश बाहेर येतं. त्यामुळे पाणी नितळ, आणि झऱ्यापाशी उन्हाळ्यातही दहा अंशांच्या आसपास गार. आपल्या नद्यांसारखा जूनमधला लोंढा नाही की एप्रिलमधलं कोरडं पात्र नाही. अशा नद्या जगात मोजक्याच, आणि बहुतेक इंग्लंडमध्येच.

सिटी मिल या जुन्या पाणचक्कीपासून दक्षिणेला नदीकाठची वाट धरा. पाण्यात वॉटर क्रोफूटच्या हिरव्या लांब जटा, वर पिवळ्या मध्याची पांढरी फुलं. त्यांच्या आडोशाला ट्राउट मासा प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी तरंगत असतो, फक्त शेपूट हलतं. मधूनच तोंड उघडतो, आतला पांढरा रंग क्षणभर चमकतो: काहीतरी गिळलं. पुलावर सावली पाण्यात पडणार नाही असे उभे राहा. पाणमांजर दिवसा दिसणं कठीण. मिलमध्ये रात्रीच्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवतात, तेच बघा.

एवढं नितळ दिसतं म्हणून सगळं आलबेल नाही. याच भूजलावर आसपासची शहरं पाणी पितात. उपसा फार झाला म्हणून 2019 मध्ये परवाने कडक करावे लागले. शेतातून आणि सांडपाण्यातून फॉस्फरस येतो, शेवाळ माजतं, आणि गाळाने गोट्यांमधली सामन माशाची अंडी गुदमरतात. भूजल किती वर आहे ते बघायचं तर कॅथेड्रलचं तळघर गाठा, हिवाळ्यात तिथे पाणी भरतं. 1906 ते 1911 विल्यम वॉकर नावाच्या पाणबुड्याने याच पाण्यात, अंधारात चाचपडत, इमारतीचा पाया सावरला.

पाण्यात उतरू नका, मासेमारीचे हक्क बहुतेक खासगी आहेत. काठावरची रानटी वॉटरक्रेस तोडून खाऊ नका, गुराढोरांच्या कुरणातून यकृताच्या जंताचा धोका असतो. दुकानातली घ्या, मोहरीच्या पाल्यासारखी झणझणीत लागते. पुढे सेंट क्रॉस या जुन्या धर्मशाळेत वाटसरूंना पाव आणि घोटभर बिअर द्यायची जुनी प्रथा अजून चालू आहे, पण आपण होऊन मागावं लागतं. पायांत जोर उरला तर सेंट कॅथरिन्स हिल ही टेकडी चढा. पावसानंतर मात्र नको, ओला खडू भयंकर निसरडा.