भिक्षांवरचा अनुस्वार

भाच्याच्या मुंजीत द्यायच्या पिशव्या घरीच छापू, असं मी बोलून बसले. चाळीस पिशव्या, मांजरपाटाच्या. वर दंड-झोळीवाला बटू आणि खाली ‘ॐ भवति भिक्षां देहि’. नारायण पेठेत एखाद्या पत्रिका छापणाऱ्याकडे टाकल्या असत्या तर दोन दिवसांत सुटले असते. पण हौस.

स्क्रीन प्रिंटिंगचं, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापायचं, सामान रविवार पेठेतून आणलं. लाकडी फ्रेमवर ताणलेलं बोल्टिंग म्हणजे जाळीचं कापड, शाई ओढायची रबरी पट्टी म्हणजे स्क्विजी, जाळीवर लावायचा, उजेडात घट्ट होणारा लेप म्हणजे इमल्शन, आणि पिगमेंटची शाई. इमल्शनमध्ये ते उजेडाला हळवं व्हावं म्हणून एक रसायन मिसळावं लागतं. दुकानदार त्यासाठी बायक्रोमेटची पुडी काढत होते, “ताई, सगळे हेच नेतात, स्वस्त पडतं.” मी त्याऐवजी डायझोच मागितलं. बायक्रोमेटमधलं क्रोमियम कर्करोगकारक, आणि स्क्रीन धुतलेलं पाणी जाणार आमच्याच मोरीतून. जाळी सेंटीमीटरला ४३ धाग्यांची घेतली. पत्रिकांची बारीक जाळी कापडावर हवी तेवढी शाई सोडत नाही.

डायझोच्या बाटलीत पाणी घालून हलवायचं, ते इमल्शनमध्ये ओतून ढवळायचं आणि बुडबुडे जिरेपर्यंत गप्प बसायचं. डबा फ्रिजमध्ये ठेवला तर आई म्हणाली, “विरजणाशेजारी नको गं ते.” जाळी भांड्यांच्या साबणानं घासून वाळवली, पिवळ्या झिरोच्या बल्बखाली दोन्ही बाजूंनी इमल्शनचा पातळ हात दिला, आणि आजीच्या लोखंडी कपाटातल्या साड्या हलवून फ्रेम रात्रभर तिथे आडवी ठेवली. इमल्शन वाळलं की उजेडाला फार हळवं होतं.

खरी मारामारी उन्हाची. गच्चीवर आईच्या कुरडया आणि माझी फ्रेम, जागा एकच. पहिल्या दिवशी भर दुपारी ट्रेसिंग पेपरवरचं चित्र काचेखाली दाबून मी एक मिनिट ऊन दिलं आणि घाबरून फ्रेम उचलली. धुवायला गच्चीवरच्या टाकीचं पाणी घेतलं. मे महिन्यातलं ते पाणी म्हणजे चहाचं आधण. बटूसकट सगळं इमल्शन ओघळून गेलं.

दुसऱ्या खेपेला कुरडया उचलल्यावर, साडेचारला, रागारागानं पंधरा मिनिटं ठेवली. या वेळी पाणी सकाळीच बादलीत भरून गार ठेवलेलं. बटू छान उघडला. तीन पिशव्या छापल्या, फोटो मावशीला पाठवला. मावशी संस्कृतची निवृत्त शिक्षिका. तिचं उत्तर एका शब्दाचं आलं: “अनुस्वार?”

स्क्रीन दिव्यासमोर धरली. ‘भिक्षां’वरचा ठिपका खरंच बंद. ऊन लागलेलं इमल्शन घट्ट होऊन जाळी बुजवतं. काळ्या शाईच्या आडोशाला राहिलेलं तेवढं पाण्यानं निघून जातं. माझा आडोसाच कच्चा होता. लेझर प्रिंट पुरेसं काळं नव्हतं म्हणून दोन कागद एकावर एक ठेवले होते आणि छापील बाजू वर आली होती. त्या फटीत संध्याकाळचं तिरपं ऊन घुसलं. मोठ्या अक्षरांची कड जरा खाल्ली गेली तर कळत नाही, अनुस्वार मात्र अख्खाच गेला.

पुण्यात १३ मेच्या आसपास शून्य सावली असते, सूर्य साडेबाराच्या सुमाराला अगदी डोक्यावर येतो. आईकडून त्या दिवशीचा अर्धा तास मागून घेतला. या वेळी छापील बाजू इमल्शनला चिकटवून, मागे काळं कापड भरून, काच घट्ट दाबली. आधी एका जुन्या फ्रेमवर चाचणी केली: पुठ्ठ्यानं झाकून दर मिनिटाला एक-एक पट्टी उघडी करत गेले, एकपासून सहा मिनिटांपर्यंत. दोनची पट्टी बुळबुळीत, सहाच्या पट्टीत बारीक रेघा बुजलेल्या. चारची बरोब्बर. मग खरी फ्रेम, चारच मिनिटं. गार पाणी दोन्ही बाजूंनी मारलं, जरा थांबले, पुन्हा मारलं, आणि सगळ्यात शेवटी, बोटाच्या टोकानं हलकेच चोळल्यावर, अनुस्वार उघडला. त्यातून आकाश दिसलं. मी एकटीच गच्चीत ओरडले.

छपाई त्यामानानं सोपी, पण उन्हाची कटकट तिथेही होतीच. शाई जाळीतच वाळायला लागते. म्हणून पहाटे, पंखा बंद करून, प्रत्येक छापानंतर शाईचा एक हात जाळीवर पसरून ठेवत काम उरकलं. मांजरपाटाची खळ मात्र आधी धुऊन काढायलाच हवी, नाहीतर शाई वरच बसून राहते. वाळल्यावर उलट बाजूनं कडक इस्त्री.

मुंजीत मावशीनं पिशवी हातात घेतल्या घेतल्या चष्मा लावला, ‘भिक्षां’वर बोट फिरवलं आणि काही न बोलता त्यात नारळ टाकला. बिनअनुस्वाराच्या तीन पिशव्या आईनं ठेवून घेतल्या. त्यात आता कुरडया आहेत.