मेडिक्लेमची पट्टी

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर मी २७ वर्षं दिवाणजी आहे. शेतकऱ्याचा माल उतरला, सौदा झाला, की त्याच्या हातात पट्टी द्यायची हे माझं काम. वर वजन आणि दर, खाली हमाली, तोलाई आणि आधी उचल घेतली असेल तर ती. नवखा माणूस दर बघून खूश होतो. मुरलेला आधी खालच्या ओळी बघतो. हे मी कितीजणांना समजावून सांगितलं असेल! आणि घरच्या मेडिक्लेमचा मात्र नुसता दर बघून २०१९ पासून हप्ते भरत होतो. "तीन लाखांचा आहे आपला," एवढंच मला पाठ. पॉलिसीचं पुस्तक कपाटात, पूर्वी हरिपूरच्या पेवात, जमिनीखालच्या कोठारात, हळद ठेवायचे तसं, तोंड लिंपून ठेवलेलं.

गेल्या वर्षी एप्रिलात आमची ही गच्चीवर कुरडया घालत होती. पातेल्यातून चीक सांडला, त्यावर पाय पडला आणि उजव्या हातावर आली. मनगट मोडलं. मिरजेला नेलं, तिथं डॉक्टर म्हणाले, प्लेट घालावी लागेल.

इथं एक नशीब. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस आजारपणाचा क्लेम मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, गुडघेबदल असल्या ठरावीक गोष्टींना तर बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. अपघाताला ही थांबाथांब नसते. दुसरं, हिला बीपी आहे, ते मी फॉर्मवर पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. एजंट म्हणाला होता, "काका, कशाला लिहिताय? हप्ता वाढेल." मी म्हटलं, बाबा, कीर्दीत नोंद न करता व्यवहार करायची मला सवय नाही. आधीपासून असलेल्या आजाराला तेव्हा चार वर्षांपर्यंत थांबवायचे. २०२४ पासून विमा कंपन्यांच्या सरकारी नियामकाने ती मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणलीय. शिवाय सलग पाच वर्षं पॉलिसी चालू असली की 'तुम्ही अमुक लपवलं' म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. पूर्वी यालाही आठ वर्षं लागायची. पण पाच वर्षं धाकधूक बाळगण्यापेक्षा दोन ओळी लिहिलेल्या बऱ्या.

तर ॲडमिट करताना काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "रूम कुठली देऊ?" मी काही बोलायच्या आत मेव्हणा म्हणाला, "ताईला जनरलमध्ये नको. प्रायव्हेट द्या." प्रायव्हेट म्हणजे ५,००० रुपये रोज. खोली छान होती, एसी, टीव्ही, नातेवाइकाला झोपायला सोफा. त्या सोफ्यावर मेव्हणाच झोपला. मला वाटलं, तीन लाखांचा विमा आहे, तीन दिवसांचे पंधरा हजार म्हणजे काय मोठं?

कॅशलेसचे, म्हणजे कंपनीने हॉस्पिटलला परस्पर पैसे देण्याचे, कागद गेले आणि तासाभरात साठ हजारांची मंजुरी आली. मी हबकलो, एवढीच? मग कळलं की ही नुसती सुरुवातीची मंजुरी. शेवटची रक्कम डिस्चार्जच्या बिलावर ठरते.

डिस्चार्जच्या दिवशी सकाळी ११ वाजता डॉक्टर 'घरी जा' म्हणाले आणि आम्ही संध्याकाळी ५ पर्यंत पिशव्या भरून बसलो. मोबाइलवर मुलाने पुण्याहून नियम धाडला: शेवटची मंजुरी तीन तासांत द्यायची, उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा. मी तावातावाने काउंटरवर गेलो. पण ते तीन तास हॉस्पिटलने कंपनीला बिल पाठवलं की तिथून मोजायचे. आणि हॉस्पिटलने बिल पाठवलं होतं अडीच वाजता. परत येऊन पिशवीशेजारी बसलो.

पाचला मंजुरी आली. बिल १,३४,१४०. मंजूर ७८,३००. उरलेले ५५,८४० आम्ही भरायचे.

वीस हजार अनामत आधीच घेतली होती, बाकीचे ३५,८४० मी आणि मेव्हण्याने मिळून भरले. गाडीत कुणीच बोललं नाही. हिनेच मग विचारलं, "अहो, तीन लाखांचा होता ना?"

रात्री पेढीवरचा लांब कागद काढला आणि बिलाची पट्टी मांडली. खोली १५,०००. सर्जन ३६,०००. भूलतज्ज्ञ १२,०००. ऑपरेशन थिएटर १५,०००. डॉक्टरांच्या फेऱ्या ४,५००. औषधं १४,२००. प्लेट आणि स्क्रू २८,०००. एक्स-रे आणि तपासण्या ५,८००. हातमोजे, टोप्या, ॲडमिशन किट, फाइलचा आकार वगैरे ३,६४०.

शेवटची ओळ अख्खी कापलेली. तिच्याबद्दल तक्रार नाही, या किरकोळ वस्तूंची यादी पॉलिसीतच छापलेली असते. वेगळा रायडर, म्हणजे जादा हप्ता भरून पॉलिसीला जोडायचं कलम, घेतला तर मिळतात.

खरी मेख वरच्या ओळीत. आमच्या पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या एक टक्का अशी मर्यादा. तीन लाखांचा एक टक्का म्हणजे ३,००० रुपये रोज. आम्ही घेतली ५,००० ची. मी समजत होतो, वरचे दोन हजार रोज आपल्या खिशातून जातील, तीन दिवसांचे सहा हजार, विषय संपला. तसं नसतं. तीन हजार हे पाच हजारांचे साठ टक्के. म्हणून कंपनी खोलीचे तर साठ टक्के देतेच, शिवाय सर्जनच्या फीचे साठ टक्के, भूलतज्ज्ञाचे साठ टक्के, थिएटरचे साठ टक्के. एका पोत्यात ओल निघाली म्हणून अख्ख्या गाडीच्या वजनात कडता, म्हणजे कपात, लावावी तसं.

सुरुवातीला मला हा शुद्ध दरोडा वाटला. मग दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला गेलो तेव्हा काउंटरमागे भिंतीवर दरपत्रक दिसलं. तीन रकाने: जनरल, सेमी, प्रायव्हेट. तेच ऑपरेशन, तोच सर्जन, तेच थिएटर, पण खोली बदलली की प्रत्येक आकार बदलतो. म्हणजे प्रायव्हेट घेतल्यामुळे सर्जनची फीसुद्धा प्रायव्हेटची लागली होती. कंपनीचं म्हणणं एवढंच, की तुमचा हप्ता तीन हजारांच्या खोलीचा आहे, तर त्या खोलीचा खर्च आम्ही देऊ. ज्या हॉस्पिटलात खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत तिथं ही कपात लावता येत नाही, आयसीयूच्या आकारालाही लावता येत नाही. आमच्या इथं दर बदलत होते, तेव्हा कपात बरोबर. ॲडमिट करताना त्या भिंतीसमोरच दहा मिनिटं उभा होतो मी, आणि वाचलं काय, तर 'मोबाइल सायलेंट ठेवा'.

पण मग बेरीज जुळेना. कंपनीने साठ टक्के सगळ्यालाच लावले होते. औषधांना, तपासण्यांना, प्लेटलासुद्धा. आता प्लेट ही काही खोली बघून महाग होत नाही. मुलाने शोधून सांगितलं, की औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीत धरायच्या नाहीत असं नियामकाने २०२० मध्येच कंपन्यांना बजावलंय. मी कपाटातलं पेव फोडलं. पुस्तकात चौदाव्या पानावर, व्याख्यांमध्ये, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत हेच छापलेलं होतं. त्यांच्याच पुस्तकात.

औषधं, प्लेट आणि तपासण्या मिळून ४८,०००. त्याचे चाळीस टक्के, १९,२००, चुकीचे कापले होते. माझ्या हिशेबाने मिळायला हवे होते ९७,५००.

टीपीएला फोन केला. टीपीए म्हणजे कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यामधला दलालच म्हणा, क्लेमचे कागद तो बघतो. त्याने सांगितलं, "सर, सिस्टिमने कॅल्क्युलेट केलंय." मी म्हटलं, सिस्टिमला चौदावं पान दाखवा. त्याचा उपयोग होणार नव्हताच. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. भावना शून्य, फक्त पट्टी: बाब, बिल, तुम्ही दिलेलं, द्यायला हवं ते, फरक. खाली चौदाव्या पानाचा फोटो. आणि शेवटी एक वाक्य, की ३० दिवसांत उत्तर न आल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. लोकपालांकडे फी लागत नाही, वकीलही लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. आणि कंपनीकडे आधी लेखी तक्रार केलेली असावी लागते, म्हणून तो ईमेल महत्त्वाचा.

तेविसाव्या दिवशी १९,२०० खात्यात जमा झाले. पत्र नाही, दिलगिरी नाही. बँकेचा एसएमएस तेवढा.

खोलीचा फटका तसाच राहिला. सहा हजार खोलीचे आणि बाकीच्या आकारांमधले २७,०००, म्हणजे ३३,००० चा सोफा. मेव्हण्याला मी हा आकडा अजून सांगितलेला नाही. तो हे वाचत असेल तर, दादा, राग नाही.

नोव्हेंबरात नूतनीकरण होतं. मी सप्टेंबरातच दुसऱ्या कंपनीकडे पोर्टचा, म्हणजे चालू पॉलिसी तिकडे नेण्याचा, अर्ज टाकला, कारण तो मुदत संपायच्या निदान ४५ दिवस आधी द्यावा लागतो. पोर्ट केलं की जुन्या पॉलिसीत भरलेला थांबण्याचा काळ वाया जात नाही. नवी पॉलिसी दहा लाखांची आणि खोलीभाड्याची मर्यादा नसलेली घेतली. यातही एक कंगोरा आहे: जुन्या तीन लाखांपुरती हिच्या बीपीची मुदत संपलेली धरतात, वाढवलेल्या सात लाखांना ती नव्याने मोजतात. हे कळल्यावर एजंटाला उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं. त्याने दोन दिवसांनी विचारून सांगितलं, "हो काका, बरोबर आहे तुमचं." हप्ता वाढला, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय. त्याआधीच्या वर्षी २१,५०० वर ३,८७० निव्वळ कराचे भरले होते, ते वाचले.

आता यार्डात लोक पॉलिसी घेऊन माझ्याकडे येतात. परवा आमचे शेटजीच आले, पन्नास लाखांची पॉलिसी, गुळगुळीत कागद. मी थेट खोलीभाड्याचं पान उघडलं. शेटजी म्हणाले, "अहो, पहिलं पान तरी बघा." पहिल्या पानावर हसऱ्या कुटुंबाचा फोटो होता.

राहता राहिली फिजिओथेरपी. डिस्चार्जनंतर ६० दिवसांपर्यंतचा त्याच दुखण्याचा खर्च आमच्या पॉलिसीत मिळत होता. बारा बैठका झाल्या, ३५० रुपये एकीचे. पावत्या सगळ्या होत्या, पण डॉक्टरांनी 'फिजिओ करा' हे तोंडीच सांगितलेलं. परत जाऊन त्यांच्याकडून लिहून आणलं, दिवस मोजले, क्लेम टाकला. दहाच बैठकांचे पैसे आले. शेवटच्या दोन एकसष्टाव्या आणि त्रेसष्टाव्या दिवशी पडल्या होत्या, कारण जूनमध्ये हिने दोन खाडे केले होते, एक वटपौर्णिमेच्या तयारीला आणि एक वटपौर्णिमेला. मी म्हटलं, सात जन्मांपायी सातशे रुपये गेले. ती म्हणाली, "मग पुढच्या वर्षी सोडून देते, हप्ता तरी वाचेल."