शब्दवही, नोंद तिसरी : 'स्कॉन्स'

दिव्यांची नावे जमवण्याच्या माझ्या कामात हा पंधरवडा 'स्कॉन्स' या एकाच शब्दाने घेतला. भिंतीवर बसवलेल्या दिव्याला इंग्रजीत हे नाव आहे. 'भिंतीवरचा दिवा' एवढाच अर्थ लिहून मी पुढे जाणार होतो. परंतु व्युत्पत्ती पाहताना लक्षात आले की, या शब्दात भिंत कुठेच नाही.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मागे मध्ययुगीन लॅटिनमधील 'आब्स्कोन्सा', म्हणजे 'दडवलेली', हा शब्द आहे. ख्रिस्ती मठांत रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी वापरल्या जाणाऱ्या, ज्योत आडोशाला ठेवून हवा तेवढाच उजेड सोडणाऱ्या कंदिलाचे ते नाव होते. भिंतीशी नाते नंतर जुळले. सतराव्या शतकातील स्कॉन्सच्या पाठीला चकचकीत पितळेचा किंवा चांदीचा पत्रा, कधी आरसाही असे आणि तो मेणबत्तीचा उजेड खोलीत परतवी. लपवण्याच्या क्रियेतून निघालेले नाव उजेड वाढवणाऱ्या वस्तूला मिळावे, हे मला फार विलक्षण वाटते.

सर्वांत आनंद दिला तो या शब्दामागच्या क्रियापदाच्या धातूने. 'आब्स्कोन्सा' ज्यापासून झाला त्या लॅटिन 'आब्स्कोन्देरे', म्हणजे लपवणे, या क्रियापदाच्या आरंभीचा 'आब्' हा संस्कृत 'अप'चा आणि शेवटचा अंश 'धा', म्हणजे ठेवणे, या धातूचा सगोत्र आहे. याच 'धा'पासून आपले 'अंतर्धान' आणि 'निधान' झाले, तर आरोपी फरार झाला की इंग्रजी वर्तमानपत्रे वापरतात ते 'अ‍ॅब्स्काँड' हे क्रियापद थेट त्या लॅटिन शब्दातून आले.

मागील नोंदीतील एक चूक येथे दुरुस्त करतो. 'एन्स्कॉन्स', म्हणजे सुरक्षित जागी ऐसपैस बसणे, हे क्रियापद मी दिव्याशी जोडले होते. ते छोट्या गढीचा अर्थ असलेल्या दुसऱ्याच 'स्कॉन्स'वरून आले असून, तो शब्द डच 'स्खान्स'पासून आलेला आहे.

मराठीच्या रकान्यात प्रथम 'दिवळी' लिहिले आणि खोडले, कारण दिवळी हा दिवा नसून तो ठेवण्यासाठी भिंतीत राखलेला कोनाडा आहे. मात्र वाऱ्यापासून ज्योतीला आडोसा देण्याचे जे काम मठातला तो कंदील करी, तेच जुन्या वाड्यातील दिवळीही करते. म्हणून 'जवळचा शब्द' असा शेरा देऊन तिला पुन्हा रकान्यात घेतले आहे.