जुन्या डिस्कवर चाललेलं दुकान

आम्ही सुरुवात केली ती ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोडला लागून असलेल्या एका गल्लीत, अर्ध्या गाळ्यात. उरलेल्या अर्ध्यात झेरॉक्सवाला. मी, धाकटा भाऊ, दोन स्टुलं आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून उधारीवर आणलेला कॉम्प्युटरचा माल. विंडोज एक्सपी येऊन दोन-तीन वर्षं झाली होती, घरोघरी असेंबल्ड मशिनं येत होती. बेत सरळ होता: मशिनं जोडायची, विकायची, वर्षाकाठी एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, घ्यायची. जुनी हार्डडिस्क आमच्या लेखी भंगार. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला शंभर रुपये सोडायचे आणि ती ठेवून घ्यायची.

पहिला दणका पहिल्याच वर्षी बसला. जवळच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले काका, नवं मशीन घ्यायला आले. अट एकच: जुनी ४० जीबीची डिस्क नव्यात बसवून द्यायची, सोसायटीचा चार वर्षांचा हिशेब तिच्यात आहे.

तेव्हाच्या आयडीई डिस्का एका चपट्या पट्टीसारख्या केबलवर दोन-दोन लागायच्या. एक मास्टर, दुसरी स्लेव्ह. कोण काय, हे ठरवायचा मागच्या पिनांवरचा जंपर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी प्लास्टिकची टोपी. दोन्ही डिस्का मास्टर राहिल्या की बायोसला, म्हणजे मशीन चालू होताच डिस्का शोधणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमला, बहुतेक वेळा एकही धड दिसायची नाही. तो जंपर चिमट्याने काढताना हमखास उडायचा आणि आम्ही दोघं भाऊ टॉर्च घेऊन जमिनीवर ओणवे. त्या दिवशी जंपर नीट बसला. गोंधळ पुढे झाला. नवी डिस्कही ४० जीबीचीच होती आणि तिच्यावर सेटअप एकदा अर्धवट सुटला होता, त्यामुळे एक्सपीच्या निळ्या पडद्यावर सारख्याच आकाराची दोन पार्टिशनं एकाखाली एक. मी खालचं निवडलं. डी दाबला, मग एल. भाऊ चहा घेऊन आला तोवर फॉरमॅट होऊन विंडोजच्या फायली चढायला लागल्या होत्या, काकांच्या डिस्कवर.

नुसतं पार्टिशन उडवलं तर आतला डेटा जागच्या जागी असतो, अनुक्रमणिकेचं पान तेवढं फाटतं. पण वरून नव्या फायली पडल्या की त्याखालचं जे गेलं ते गेलं. रिकव्हरी सॉफ्टवेअर रात्रभर चालवून दोन वर्षांचा हिशेब निघाला, दोन वर्षांच्या फायली उघडेनात. काकांना सांगायचा धीर होईना. सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी पावतीपुस्तकांची पिशवी घेऊन आले. ३२ फ्लॅट, दोन वर्षं, म्हणजे साडेसातशेच्या वर पावत्या. मी, भाऊ आणि आमची ही, आळीपाळीने तीन रात्री एक्सेलमध्ये भरत बसलो. काका शेजारी बसून आकडे वाचायचे, आणि मध्येच "अहो, ह्यांनी दिवाळीचे दोन महिने भरलेच नाहीत की!" म्हणून एकदम खूश व्हायचे. पैसे त्यांनी पूर्ण दिले. ते घेताना फार लाज वाटली.

तेव्हापासून विंडोज टाकताना मशीनला एकच डिस्क जोडलेली असते. पोराने विचारलं, आता तर पडद्यावर डिस्कांचे आकार किती वेगळे दिसतात, मग कशाला? त्याला दाखवलं: दोन डिस्का लावून ठेवल्या की विंडोज कधी कधी आपली बूटची फाइल जुनीवर टाकून मोकळं होतं. वर्षभराने कुणी ती जुनी काढली, की चांगलं मशीन चालूच होत नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी आमच्या गल्लीतही गुडघाभर पाणी होतं. पुढचे पंधरा दिवस लोक चिखलाने भरलेली कॅबिनेटं आणत होते. आम्ही काय केलं? डिस्का पंख्याखाली वाळवल्या आणि लावून पाहिल्या. चूक केली. डिस्क हवाबंद नसते, तिला श्वासाचं बारीक भोक असतं, त्यातून पाणी आत जातं. वाळलेला गाळ तबकडीवर बसलेला, आणि तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेणार. टक्, टक्, आणि मग शांत. भिजलेल्या डिस्कला वीज लावायची नाही, ती थेट क्लीन रूम, म्हणजे धूळ नसलेली खोली, असलेल्या ठिकाणी पाठवायची, हे कळेपर्यंत किती जणांचा डेटा आमच्या हातून गेला ते मी मोजलेलं नाही.

दुसऱ्या एका पुराने मात्र आमचं घर चालवलं. २०११ च्या पावसाळ्यानंतर थायलंडमधले हार्डडिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले. दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी होती, ती संपते न संपते तोच डिस्कांचे भाव दुपटीच्या आसपास पोचले. नवं मशीन हवं, पण डिस्क जुनीच लावा, असं म्हणणारी रांग लागली. डेटाचं आणि जुन्या डिस्कांचं काम हाच आमचा मुख्य धंदा झाला, तो तिथून.

लोकांना वाटायचं, डिस्क काढली, नव्या मशीनमध्ये लावली, झालं. एक्सपीची डिस्क नव्या बोर्डावर लावली की निळा पडदा, त्यावरच्या एररच्या आकड्याच्या शेवटी ७बी. विंडोजकडे नव्या कंट्रोलरचा, म्हणजे डिस्क हाताळणाऱ्या चिपचा, ड्रायव्हर (ती चालवायचा प्रोग्रॅम) नसतो, म्हणजे ज्या डिस्कवर ते स्वतः आहे तीच त्याला सापडत नाही. बायोसमध्ये डिस्कशी बोलायची नवी पद्धत, एएचसीआय, बदलून जुनी आयडीई केली की कधी कधी चालायचं. गिऱ्हाइकाला वाटायचं, आम्हीच काहीतरी बिघडवलं.

डीटीपीवाल्यांची, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावणाऱ्यांची, तऱ्हा वेगळी. दिवाळी अंकांचं काम करणाऱ्या एका बाईंच्या सगळ्या फायली आम्ही नव्या मशीनवर नेल्या, एकही सुटली नाही. दुसऱ्या दिवशी फोन, "दादा, माझ्या मराठीचं हे काय झालं?" पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. मजकूर श्री-लिपीत होता, जी स्वतःच्या फॉन्टशिवाय वाचता येत नाही; कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या युनिकोडमध्ये नव्हता, आणि फॉन्ट आम्ही नेलेच नव्हते. अशा डिस्कवर आता आधी विंडोजच्या फॉन्ट फोल्डरवर हात ठेवतो, मग बाकीचं.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मोजमापाच्या यंत्राला जोडलेलं एक्सपीचं मशीन अजून चालू आहे. त्या सॉफ्टवेअरची सीडी हरवली आहे आणि त्याचं डोंगल, म्हणजे ते चालू करणारी किल्लीसारखी डबी, प्रिंटरच्या जुन्या पोर्टात बसतं, त्यामुळे मशीन बदलता येत नाही. डिस्क तेवढी कुरकुरायला लागली होती. आम्ही तिची हुबेहूब प्रत कॅमेऱ्याच्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर उतरवली आणि अॅडॅप्टर लावून तेच कार्ड आयडीई केबलला जोडलं. ते कार्ड आतून आयडीईचीच भाषा बोलतं. तिथला फोरमन अजून मला विचारतो, आत फिरतंय काय?

हल्लीच्या लॅपटॉपचं दुखणं वेगळं. बोर्ड जळला, एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) शाबूत, दुसरीकडे लावली की पडदा ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं बिटलॉकर आपलं आपण चालू झालेलं असतं, आणि की असते त्या खात्यात ज्याचा पासवर्ड "मुलाने टाकला होता, तो आता पुण्यात असतो." अशा वेळी आमच्याकडे कुठलीही युक्ती नाही. मुलाला फोन लावा.

जुनी साधी डिस्क आली तर आधी तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढतो. परवा एका डिस्कवर चालू राहिल्याचे ४१,००० तास होते, म्हणजे दिवसरात्र धरली तर साडेचार वर्षांहून जास्त. तास बघून मी घाबरत नाही. खराब सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या निकामी तुकड्यांचा, आकडा दोन दिवसांत वाढला, तर मात्र ती नव्या मशीनमध्ये बसवत नाही, कितीही आग्रह केलात तरी. आधी प्रत निघेल, मग वाद घालू.

गाळ्याचं भाडं परवडेना तेव्हा आम्ही त्याच गल्लीत दुसऱ्या मजल्यावर गेलो. लिफ्ट नाही. डिस्क काढता येत नसेल तर जुनं कॅबिनेटच घेऊन या आणि खालून हाक मारा. भाऊ येऊन उचलून नेईल.