पदरावरची भेट

खांडसच्या पुलाशी आलं की मनात अजून तोच वाद सुरू होतो. डावीकडे शिडी घाट, उजवीकडे गणेश घाट. दोन्ही वाटा भीमाशंकरलाच जातात, पण विशीत गणेश घाटाने जाणाऱ्याला आम्ही "आजोबांना आणलंयस का?" म्हणून चिडवायचो. शिडी घाट म्हणजे कातळाला टेकवलेल्या लोखंडी शिड्या आणि वर पोचल्यावर घड्याळ बघून मारलेल्या फुशारक्या. इतक्यांदा चढलो, पण त्या वाटेवरचं एक झाड आज आठवत नाही. पुढच्याच्या बुटांच्या टाचा मात्र लख्ख आठवतात.

गणेश घाटाकडे वळलो तो गुडघ्यामुळे. उगाच निसर्गप्रेमाचं नाव कशाला सांगू? कर्जतहून कशेळ्यामार्गे खांडस, तिथे चहा, मग रमतगमत चढण. वाटेत गणपतीचं छोटं देऊळ लागतं, त्यावरूनच घाटाचं नाव. पुढे पदरगडाच्या अंगाने जाताना कारवी लागते. सात-आठ वर्षांनी फुलते तेव्हा जांभळा डोंगर बघायला गर्दी लोटते, एरवी तिला कोण विचारतो! आमच्या आजोळी कारवी म्हणजे घराची भिंत. काठ्या उभ्या बांधायच्या आणि वरून शेणामातीने लिंपायचं. त्यामुळे या कारवीतून चालताना मला अजून न बांधलेल्या घरातून चालल्यासारखं वाटतं.

दोन्ही वाटा पदरावर एकत्र येतात. कड्याच्या खाली आणि कोकणाच्या वर असलेल्या सपाट पट्ट्याला सह्याद्रीत पदर म्हणतात. हे नाव ठेवणारा नक्की चढून आलेला असणार; घाम टिपायला तिथे पदरच हवा असतो.

गेल्या मार्चात तिथे सावलीला टेकलो होतो. डोक्यावर टोपली घेतलेली एक मावशी मागून आली. टोपलीत सुकट, वासावरूनच कळलं.

"वर कोण हाय तुमचं?"

"कुणी नाही. सहज चाललोय."

"सहज?" तिने माझी सॅक पाहिली, गुडघ्याचा पट्टा पाहिला. "माझी लेक दिलीय वर," म्हणाली आणि निघालीसुद्धा. पायात साध्या स्लिपर.

शेवटच्या चढावर रान दाटतं, भर दुपारी अंधारून येतं. 1985 साली इथलं सुमारे 130 चौरस किलोमीटर जंगल अभयारण्य झालं, ते मुख्यतः शेकरूसाठी. हा आपला राज्यप्राणी मोठा हुशार, एकट्याची घरटी अनेक बांधतो. मी मान मोडेपर्यंत ज्याच्याखाली उभा राहतो ते हमखास रिकामं निघतं. त्या दिवशी मात्र एक तांबूस झुपकेदार शेपटी या झाडावरून त्या झाडावर गेली. कॅमेरा अर्थात सॅकमध्ये.

माथ्यावर पोचताच गाड्यांचे हॉर्न. बेलफुलांच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं, "पायी आलात? चांगला डांबरी रस्ता आहे की!" मी नुसता हसलो, दर्शन घेतलं, भाकरी खाल्ली आणि शेवटची टमटम चुकू नये म्हणून लगेच उतरायला लागलो. उतारावर गुडघ्याने सगळा हिशेब चुकता केला.

पदरावर मावशी पुन्हा भेटली, परत निघालेली. आता टोपलीत सुकटीच्या जागी हिरडे होते.

"झालं का सहज?" तिने विचारलं.