चौथी 'ब' आणि जास्तीचे आठ आणे

आपल्या नाशिकच्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिका समितीच्या पत्रात 'शाळेने मला काय दिले' असा विषय सुचवला आहे. त्यावर लिहायला माझ्यापेक्षा मोठे माजी विद्यार्थी आहेत, ते लिहितीलच. मला १९९८-९९ या एकाच वर्षाबद्दल लिहायचंय, आणि खरं तर चौथी 'ब'च्या बाईंबद्दल. त्यांचं नाव लिहीत नाही. प्राथमिक विभागात नुसतं 'बाई' म्हटलं की कोण, हे आमच्या वेळच्या कोणालाही विचारा.

वर्ष तसं जोरात गेलं. पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावर मधल्या सुट्टीत पैजा लागायच्या. नवरात्रात भोंडला झाला, दसऱ्याला पाटीपूजन झालं, सहल नेहमीप्रमाणे पांडवलेण्यांना गेली. लंगडीची ढाल आम्ही आणली, तीही 'अ' तुकडीच्या नाकावर टिच्चून. स्कॉलरशिपला तेव्हा चौथीतच बसायचं (२०१७ मध्ये ती पाचवीला गेली), आणि आमच्या वर्गातली दोन नावं यादीत झळकली. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या वाढदिवशी, सगळ्या वर्गाने त्यांना पोस्टकार्डं लिहिली. पंधरवडाही उलटला नाही आणि १० मार्चला ते, आमचे तात्यासाहेब, गेले. त्या दिवसाबद्दल या अंकात दुसरं कोणीतरी माझ्यापेक्षा चांगलं लिहील.

शनिवारी सकाळच्या शाळेत बालसभा व्हायची. अध्यक्ष आमच्यातलाच, सूत्रसंचालन आणि आभारही आमचेच. बाई शेवटच्या बाकावर अंग चोरून बसायच्या. काही सांगायचं असलं तर हात वर करून म्हणायच्या, "अध्यक्षमहोदय, बोलू का?" नऊ वर्षांचा अध्यक्ष आधी लाजायचा आणि मग ऐटीत मान डोलवायचा. एकदा एकाने "नाही" म्हणून सांगितलं, तर बाई खरंच बसून राहिल्या.

बालसभा संपली की संचयिका. आताच्या मुलांसाठी सांगतो, संचयिका म्हणजे शाळेत मुलांनीच चालवलेली बचत बँक. कोपऱ्यातल्या टेबलावर लाल पेटी, एक नोंदवही आणि प्रत्येकाचं छोटं पासबुक. मी रोखपाल होतो. व्यवस्थापक एक मुलगी होती, अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव फौजदाराचा. तिसरा सभासद आम्ही मुद्दाम घेतला होता, कारण त्याचे वडील नाशिकरोडला नोटा छापायच्या प्रेसमध्ये होते. पैसे कमी पडलेच तर तिकडून सोय होईल, असा आमचा हिशेब. पेटीत यायचे चार आणे, आठ आणे, फार तर रुपया. दहाची नोट आली तर आम्ही तिघं ती उजेडाकडे धरून बघायचो.

डिसेंबरात सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या आधीच्या शनिवारी पेटी मोजली, तर वहीपेक्षा आठ आणे जास्त भरले. पुन्हा मोजली. जास्तच. आम्हाला आनंद झाला. मी म्हटलं, "बाई, जास्तच आहेत ना, कमी थोडेच आहेत?"

बाई म्हणाल्या, "कमी असते तर मी माझे भरले असते. जास्तीचे कोणाला देऊ?"

तोवर लहान वर्ग सुटले होते. सोमवारी प्रार्थनेनंतर आम्हा तिघांना पहिली-दुसरीच्या वर्गांवर पाठवताना बाईंनी बजावलं, "किती सापडले ते सांगायचं नाही. त्यांनाच विचारायचं, किती आणि कुठे टाकले." हे का, ते पहिल्याच वर्गात कळलं. "कोणाचे पैसे राहिलेत का?" असं म्हणताच निम्मा वर्ग हात वर करून उभा. कोणाचे दोन रुपये, कोणाचे शंभर, एकाची तर सायकल हरवली होती. शेवटी पहिलीतली एक चिमुरडी रडवेली होऊन म्हणाली, "मी झेंड्याच्या पेटीत आठ आणे टाकले, पण मला झेंडा दिलाच नाही." ध्वजनिधीचा डबाही त्याच आठवड्यात शाळेत फिरत होता. ती लाल पेटीलाच झेंड्याची समजली होती.

बाईंनी नोंदवहीत रीतसर ओळ लिहायला लावली: 'चुकून जमा आठ आणे, ध्वजनिधीत वर्ग.' खाली व्यवस्थापक आणि रोखपाल यांच्या सह्या. मग त्या पोरीच्या गणवेशावर कागदी झेंडा आम्हालाच टाचायला सांगितला. या सगळ्यात दोन तास गेले, आणि त्या दिवशीचा भागाकार बुडाला याची बाईंना काडीची खंत नव्हती.

आज मी लेखापरीक्षक आहे. निफाड, लासलगाव, पिंपळगाव या पट्ट्यातल्या पतसंस्था तपासतो. रोकड कमी निघाली की सगळे घाबरतात, जास्त निघाली की चहा मागवतात. मी विचारतो, "कोणाचे?" हा प्रश्न कोणालाच आवडत नाही. बरोबरच्या नवीन मुलांनाही हेच शिकवतो, आकडा आपण सांगायचा नाही, समोरच्याला विचारायचा. त्यांना वाटतं हे मी सीएच्या अभ्यासात शिकलो. कॉलेजात आणि नंतरही चांगले शिक्षक लाभले, पण बाईंची सर कोणालाच आली नाही, आणि हे लिहिताना कोणाला वाईट वाटलं तरी माझा इलाज नाही.

चार आण्याचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं. संचयिकेचं टेबलही आता कोपऱ्यात नाही, तिथे झेरॉक्स मशीन आहे. बालसभेचं भाषणसुद्धा हल्ली पालक टाइप करून देतात, असं माझी भाचीच सांगते. मग मुलांनी करायचं काय? संचयिका पुन्हा सुरू करणार असाल तर शनिवारी सकाळी येऊन बसायची माझी तयारी आहे.

समितीला एक विनंती. बाई आता गंगापूर रोडला मुलाकडे असतात. गुडघे फार दुखतात, पण कार्यक्रमाला येणार म्हणाल्या आहेत. सत्कार वरच्या सभागृहात न ठेवता खाली पटांगणात ठेवावा. अमृतमहोत्सव निधीची माझी वर्गणी मी गेल्याच महिन्यात भरली. पावती अजून मिळालेली नाही, आणि बाईंनी फोनवर तेच आधी विचारलं.