डोंगरात राहायचंय? आधी शिफ्ट सांगा

मी बीरमधून काम करते म्हटलं की लोकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात, नेट चालतं का आणि भाडं किती. शिफ्ट कितीची आहे हे कुणी म्हणजे कुणी विचारत नाही. माझ्या मते तर पहिला प्रश्न तोच पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बीर हे हिमाचलमधल्या कांगडा जिल्ह्यातलं गाव, बैजनाथपासून जवळ, मागे धौलाधारची डोंगररांग. पॅराग्लायडिंगचं बीर-बिलिंग म्हणतात ते हेच. वर साधारण २४०० मीटरवर बिलिंग, तिथून टेकऑफ, आणि खाली क्योरच्या मैदानात लँडिंग. २०१५ मध्ये इथे पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कप झाला, भारतात पहिल्यांदाच, आणि त्यानंतर होमस्टे आणि कॅफे जे वाढायला लागलेत ते अजून थांबले नाहीत. त्याआधी हे गाव शेतकऱ्यांचं आणि १९६० च्या दशकात इथे येऊन वसलेल्या तिबेटी लोकांचं. एका बाजूला गोम्पा, म्हणजे तिबेटी मठ, दुसऱ्या बाजूला गव्हाची शेतं, आणि मधे कुठेतरी हेडफोन लावून बसलेले आम्ही लोक.

तर शिफ्ट. माझं काम पेरोलचं, म्हणजे लोकांच्या पगाराचा हिशोब, कंपनी इंग्लंडची. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ मागे घेतात की अडीच. म्हणजे अख्खी सकाळ माझी. पुण्यात हीच शिफ्ट मला नकोशी व्हायची, कारण सकाळी करणार काय, मैत्रिणी सगळ्या ऑफिसला, घरात असलं की आईची कामं, आणि रात्री दहाला सुटलं की जेवा आणि झोपा. इथे त्याच शिफ्टचं सोनं झालंय. सकाळी शेजारच्या गुनेहड गावाच्या बाजूला चालून यायचं, येताना भाजी आणायची, अकराच्या आसपास आकाशात रंगीत पंख दिसायला लागतात कारण ऊन तापून गरम हवा वर उठल्याशिवाय ग्लायडरला उचल मिळत नाही, तोवर माझा स्वयंपाक होत आलेला असतो, आणि मग गच्चीत बसून जेवत जेवत बघायचं कोण किती वर गेलंय ते. फ्लाइंगचा सगळ्यात भारी सीझन ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि नेमका तेव्हाच इंग्लंडवाल्यांच्या कृपेने सकाळचा एक तास वाढतो. 

आता माझ्या खालच्या खोलीतल्या मुलाचं बघा. गुडगावची कंपनी, दहाला स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, मग एकामागोमाग एक मीटिंगा, सुटायला सात-आठ. डिसेंबरात इथे साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. त्याने टेबल भिंतीकडे तोंड करून लावलंय, कारण खिडकीकडे तोंड करून बसलं की बर्फावरचं ऊन डोळ्यांवर येतं आणि एक्सेल दिसत नाही. म्हणजे धौलाधार बघायला चांगली महागडी व्ह्यूवाली खोली घेतली, आणि पाठ त्याच व्ह्यूकडे. रविवारी बिचारा कपडे धुतो. मला त्याची चेष्टा करायची नाहीये पण असे लोक इथे खूप आहेत, आणि दोन महिन्यांनी ते परत जातात आणि सांगतात की पहाड बोअर झाला. पहाड कुठे भेटला तुम्हाला?

नेटचं सांगते, कारण नाहीतर सोडणार नाही कोणी. फायबर आहे, चांगलं चालतं, व्हिडिओ कॉलला काही त्रास नाही. भानगड नेटची नसते, लाईटची असते. आणि लाईटपेक्षाही व्होल्टेजची. थंडीत संध्याकाळी सात वाजले की अख्ख्या गावाचे गीझर आणि हीटर एकदम सुरू होतात, व्होल्टेज इतकं पडतं की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेलीच, आणि तो बॅटरीवर जातो. मग समोर बल्ब मिणमिणतोय म्हणजे लाईट आहे, पण इन्व्हर्टर टूं टूं करत बॅटरी खातोय, आणि खरंच लाईट जाते तेव्हा बॅटरी संपलेली. ही गोष्ट कुठल्याही होमस्टेच्या फोटोत दिसत नाही. म्हणून खोली बघायला जाल तर सकाळी जाऊ नका, संध्याकाळी जा आणि गीझर लावून बघा. आणि राउटरसाठी तो छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो ना, वहीएवढा, तो घेऊनच या. लॅपटॉपची बॅटरी तीन तास काढते पण राउटर बंद पडला की लॅपटॉप घेऊन काय करणार, फोनचा हॉटस्पॉट लावला तर गावातल्या सगळ्यांनी एकाच वेळी तोच लावलेला असतो. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा, हे वेगळं सांगायला नकोच.

आणि वीज चमकायला लागली की प्लग काढायचा. आमच्या आंटीजी, म्हणजे घरमालकीण, ढग गडगडले की अंगणातून ओरडतात, 'बेटा, तार निकाल दो!' पहिल्यांदा मला वाटलं उगाच घाबरतात, फायबर तर काच असते, तिच्यातून वीज कशी येणार. खरंय, फायबरमधून नाही येत. पण राउटरचा अ‍ॅडॉप्टर भिंतीतल्या सॉकेटला असतो आणि झटका तिकडून येतो. शेजारच्या होमस्टेत एप्रिलच्या वादळात राउटर आणि टीव्ही एकदम गेले. ते तरी परवडलं, माकडांचं काय करायचं सांगा. फायबरची केबल खांबाखांबावरून, झाडांच्या फांद्यांतून नेलेली आहे, त्यावर माकडांची टोळी झोके घेते, आणि मग कंपनीचा माणूस शिडी घेऊन येईपर्यंत आपण कॅफेत. कॅफेत एका कॉफीवर चार तास बसणाऱ्यांकडे मालक कसा बघतो ते मी चांगलं ओळखते, म्हणून मी मधेच मोमो मागवते. बसायचं तर मागवायचं.

लाईटवरून आठवलं, इथून जोगिंदरनगर जवळच आहे आणि तिथे शानन नावाचं पॉवरहाऊस आहे, १९३२ चं. मंडीच्या राजाने १९२५ मध्ये इंग्रज सरकारशी ९९ वर्षांचा करार केला, उहल नदीचं पाणी बरोटहून डोंगर फोडून बोगद्यातून आणलं, आणि त्या कामासाठी लागणारं जड सामान पोचवायला पठाणकोटपासून जोगिंदरनगरपर्यंत १६४ किलोमीटरची छोटी रेल्वे बांधली, तीच आजची कांगडा व्हॅली रेल्वे, १९२९ पासूनची. करार मार्च २०२४ मध्ये संपला आणि आता हिमाचल म्हणतंय आमचं, आजवर ते चालवणारं पंजाब म्हणतंय आमचं, प्रकरण सुप्रीम कोर्टात. ज्या दऱ्यांत शंभर वर्षांपूर्वी वीज बनवायला रेल्वे आणली तिथे बसून मी बॅटरीचे टक्के मोजते, याला काय म्हणायचं! रेल्वेचं म्हणाल तर ऑगस्ट २०२२ च्या पुरात पठाणकोटजवळचा चक्की नदीवरचा पूल वाहून गेला, त्यामुळे तिच्या भरवशावर प्लॅन करू नका, सीझनप्रमाणे गाड्या कधी असतात कधी नसतात.

गावाचं स्वतःचं एक कॅलेंडर असतं आणि ते आपल्या आउटलुकशी सिंक होत नाही. लोसर आलं, म्हणजे तिबेटी नवं वर्ष, की तिबेटी कॉलनीतली निम्मी दुकानं बंद. पीक काढायला आलं की आंटीजी दिवसभर शेतात, सकाळी अंगणात भेटतच नाहीत. आणि लग्नाचा सीझन आला की धाम. धाम म्हणजे कांगड्यातलं लग्नाचं जेवण, बोटी नावाचे पिढीजात स्वयंपाकी ब्राह्मण मोठमोठ्या भांड्यांत रात्रीपासून शिजवत असतात, आणि जमिनीवर ओळीत बसून पत्रावळीवर वाढतात. आपली पंगतच. आधी भात, मग भातावर एकेक वाढप येत जातं, चण्याचा मद्रा दह्यातला, उडदाची डाळ, शेवटी आंबट-गोड खट्टा, मग गोड भात. घाई करायची सोय नाही कारण जे येतं ते त्याच क्रमाने येतं, आणि ओळ एकदम उठते, मधूनच उठून जाणं वाईट दिसतं.

शेजारच्यांच्या मुलीच्या लग्नात मला आग्रहाने बोलावलं, नेमका महिनाअखेर, अडीचला पेरोल क्लोज करायचा कॉल. मी दीडला जाऊन बसले, म्हटलं तासात होईल. दोन वाजता आम्ही मद्र्यावर होतो. सव्वादोनला डाळ. माझ्या डाव्या हाताला एक आजी होत्या, त्यांनी मला घड्याळ बघताना बघितलं, वाढणाऱ्याला हाक मारली आणि त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं, मला वाटलं माझ्यासाठी लवकर आणायला सांगताहेत, तर त्याने माझ्या पानात अजून भात वाढला. कॉल मी तिथेच हात धुवायच्या नळाजवळ उभी राहून फोनवरून घेतला, मागे बँड. मॅनेजरने विचारलं, एव्हरीथिंग ओके? म्हटलं वेडिंग. तो म्हणाला, काँग्रॅच्युलेशन्स. अजून टीममधल्या काही जणांना वाटतं लग्न माझं होतं.

भाड्याचं. मी किचनसकट एका खोलीचे १६ हजार देते, लाईट बिल वेगळं, महिन्याच्या बोलीवर. रोजच्या रेटने राहिलात तर लुटले जाल, आणि ऑक्टोबरमध्ये तर कोणी महिन्याच्या बोलीवर देतच नाही, टूरिस्ट दुप्पट देतात ना. सरळ हिशोब आहे त्यांचा आणि मला तो चूक वाटत नाही. पण इथल्या शाळेतल्या मास्तरांना, बँकेतल्या क्लार्कला भाड्याची खोली मिळेना झालीय हे आंटीजींच्याच तोंडून ऐकलंय, आणि त्यात माझा वाटा आहेच, तो नाही असं म्हणण्यात अर्थ नाही.

इथे चार महिने राहिलं की प्रत्येकाच्या डोक्यात एक किडा वळवळतो, छोटीशी जमीन घेऊन मातीचं घर बांधू. नाही बांधता येत. हिमाचलमध्ये १९७२ चा कूळ आणि जमीन सुधारणा कायदा आहे, त्याचं कलम ११८ सांगतं की जो हिमाचलचा शेतकरी नाही त्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन विकत घेता येणार नाही. तुमचा साताऱ्यात सातबारा असला तरी इथे उपयोग नाही. यशवंत परमार, पहिले मुख्यमंत्री, त्यांच्या काळातला हा कायदा, आणि लोणावळ्याचं, मुळशीचं काय झालं ते बघता मला तर वाटतं आपल्याकडे कोणालातरी हे वेळेत सुचायला हवं होतं. त्यामुळे इथे सगळं लीजवर चालतं आणि कॅफेंच्या पाट्या दरवर्षी बदलतात.

यायचं कसं, तर बहुतेक लोक दिल्लीहून रात्रीच्या बसने येतात, मजनू का टिल्ला वरून. मला ती बस सोसत नाही, घाट लागला की पोटात कालवतं. मी पुण्याहून झेलम एक्सप्रेस पकडते, ती थेट पठाणकोट कँटला सोडते, पुढे बैजनाथपर्यंत बस. दोन रात्री जातात, पण झेलममध्ये सुट्टी संपवून निघालेले साताऱ्या-सांगलीकडचे फौजी असतात, त्यांच्याकडे ठेचा असतो, आणि पठाणकोटच्या पुढे कुठे काय मिळतं याची त्यांच्याइतकी पक्की माहिती कोणत्याच अ‍ॅपवर नाही.

आता जून संपत आलाय. १५ जुलैपासून १५ सप्टेंबरपर्यंत उड्डाणं बंद असतात, पाऊस कोकणासारखा कोसळतो, कपडे वाळत नाहीत, दरडी पडून रस्ते बंद होतात आणि निम्मे कॅफे कुलूप लावून बसतात. भाडं मात्र उतरतं. आंटीजी म्हणाल्यात सामान राहू दे, दोन महिने अर्धे पैसे दे. आईला सांगितलंय श्रावणात येते म्हणून. झेलमचं वेटिंग सतरावर अडकलंय, महिनाअखेरच्या पेरोलच्या आत निघालं तर ठीक, नाहीतर ग्वाल्हेर ते भोपाळ नेट कसं आहे हे कोणीतरी मला सांगा.